पुढच्या एक्सलचा गोळा

गोळा निघाला, दादा. बाकीचं मागाहून, आधी हे ऐक. भगवानच्या ट्रकच्या पुढच्या एक्सलमधला गोळा निघाला. अख्खा निघाला, कान न तुटता निघाला आणि तुझ्याशिवाय निघाला. हे शेवटचं तुला आवडणार नाही, पण झालं तसं सांगते.

तुझ्या दहाव्याला माणसं पुष्कळ चांगलं बोलली. मनमिळाऊ होता, शांत होता, कधी कोणाला दुखावलं नाही. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, चुकून दुसऱ्याच कोणाच्या दहाव्याला येऊन बसले की काय. भर शेडात गिऱ्हाइकाला "तुला गाडी जमत न्हाई, तू बैल घे" म्हणणारा माणूस शांत कधी झाला? मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, की दादाने एक ट्रक अर्धा उघडून ठेवलाय, तो आधी पुरा करायला हवा. लोकांना ते विचित्र वाटलं. मला खरोखर दुसरं काही सुचत नव्हतं.

कारण ट्रक होता तिथेच होता. पुढे भोकरदन रोडला माझं स्पेअर पार्टचं दुकान, मागे तुझं शेड, मधे एक दार. आणि त्या दारातून दिवसभर मला तो दिसत होता. लोखंडी घोड्यांवर नाक वर करून उभा, पुढची दोन्ही चाकं काढलेली. आदल्या संध्याकाळी तू ऑइल काढलंस, प्रोपेलरचा दांडा सोडवलास, दोन्ही बाजूंचे शाफ्ट बाहेर ओढलेस, कडेचे सगळे नट काढून ट्रेमधे गोल मांडलेस, ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने. मग म्हणालास, "आता फक्त ओढायचाय. सकाळी ओढतो." सकाळी तू उठला नाहीस.

तो नटांचा ट्रे मी कोणाला हलवू दिला नाही. शोक म्हणून नाही. क्रम बिघडला असता.

वाचणाऱ्यांना गोळा म्हणजे काय ते सांगायला हवं. ट्रकच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो, त्याच्या पोटात दात्यांच्या चाकांचा एक जड संच बसवलेला असतो. इंजिनचा जोर तिथे येतो आणि डाव्या-उजव्या चाकांना वाटला जातो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, आपण गोळा म्हणतो. साध्या ट्रकला तो फक्त मागे असतो. भगवानचा ट्रक मिलिटरी डिस्पोजलमधला, त्याला पुढेही आहे. भगवान मंठ्याकडे बोअर मारतो, आणि काळ्या ओल्या रानात जिथे बाकीच्या गाड्या पोटापर्यंत रुततात, तिथे त्याचा हा म्हातारा ट्रक पाइपांचा भार घेऊन सरळ जातो. पुढून गुरगुर यायला लागली म्हणून तो तुझ्याकडे आला होता. अशा गाड्या खोलणारं तालुक्यात तुझंच एक शेड.

तेरावं झालं आणि वहिनीने मला घरात बोलावलं. तुझी बायको कमी बोलते हे सगळ्यांना माहीत आहे. घराला लागूनच शेड असून ती तिकडे कधी पाऊल टाकत नव्हती, हेही. चहाचा कप पुढे सरकवून म्हणाली,

"ताई, शेडाला गिऱ्हाइक आलंय. जालन्याचे बियाणेवाले हायेत. गोदाम करायचं म्हणतात."

"कधी?"

"गुरुवारी किल्ली न्यायला येऊन राह्यलेत."

"आणि दादाच्या हाताखालचे शफीकभाई?"

"तेच कळंना. ते एकटे काय करतील? तुम्ही दुकानात. मला त्यातलं काही कळत न्हाई. मंग बंद शेडाचं कुलूप बघत बसू का रोज?"

तिचं बरोबर होतं. आणि अशी कोंडी झाली की मी पैज लावते, हे तुला माहीत आहे.

"गुरुवारपर्यंत थांब," मी म्हणाले. "तो गोळा आमच्या हातांनी निघाला तर शेड चालू ठेवू. नाही निघाला तर मी स्वतः किल्ली देते त्यांना."

"आणि तुटला तर?"

"तुटला तर विषयच संपला."

गोळ्याला कडेने बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पट्टी असते. तिच्यातून स्टड बाहेर येतात आणि त्यांच्यावर नट बसतात. त्या पट्टीला आपण कान म्हणतो. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. आणि त्या ट्रकचा नवा गोळा आता कुठल्याही बाजारात मिळत नाही. मी पार्ट विकते, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. कान तुटला की भगवानचा ट्रक भंगारात, आणि त्यानंतर आपल्या शेडात कोणी सायकलसुद्धा उभी केली नसती.

सोमवारी सकाळी शटर उघडलं, दुकानावर "मागे या" अशी पाटी लटकवली आणि साडीवर तुझा जुना शर्ट चढवून मी शेडात गेले. शफीकभाई आधीच गोळ्याखाली ट्रॉली जॅक लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, तुम्ही पाना देणार का शर्ट दाखवणार?"

"दोन्ही. कशाने सुरू करायचं?"

"उस्ताद तर बोलले होते, फक्त ओढायचाय."

फक्त. आम्ही ओढला. हलला नाही. पहार लावून हलवला. नाही. लाकडाचा ठोकळा धरून शफीकभाईंनी घण घातला. सैल लोखंडाचा आवाज लांबतो, हा जागच्या जागी मेला. ठप्प, ठप्प, जणू भिंतीवर मारतोय.

मग मी तुझ्यासारखं केलं. हत्यार खाली ठेवलं आणि विचारलं, काय राहिलंय? एखादा नट चिखलाखाली राहिला का? ब्रशने सगळी कड घासली, एकही नव्हता. शाफ्ट पूर्ण बाहेर आलेत का? तुला आठवत असेल, हसनाबादच्या त्या पोकलेनवाल्याच्या ट्रकचा उजवीकडचा शाफ्ट चार बोटं आत राहिला होता आणि तू दुपारभर गोळ्याला शिव्या देत होतास, शेवटी मीच चहा घेऊन आले तेव्हा मला तो दिसला. त्या दिवशी तू चहा न पिता बिडी प्यायला गेलास. या वेळी शाफ्ट दोन्हीकडे मोकळे होते. मी हात घालून पाहिले.

"कानाला दोन भोकं असतात आट्यांची," मी शफीकभाईंना म्हणाले. "ढकलबोल्टची."

"असतात. मातीनं भरलीत."

सुईने माती उकरली, डिझेल सोडलं, आटे साफ केले, दोन बोल्ट आत फिरवले. हे बोल्ट फिरत गेले की एक्सलच्या तोंडावर रेटा बसतो आणि गोळा आपोआप बाहेर ढकलला जातो. डावा अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा. डावा, उजवा. बोल्ट घट्ट होत गेले. माझ्या दंडाला रग लागली. मग आतून एक बारीक आवाज आला, काचेवर नख ओढल्यासारखा, आणि शफीकभाईंनी माझं मनगट धरलं.

"बस, ताई. कान बोलून राह्यला."

आम्ही दोघं तसेच थांबलो. मग हळूहळू दोन्ही बोल्ट सैल केले. कान शाबूत होता. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता आणि, खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. इतकी वर्षं मी त्या दाराच्या अलीकडून तुझे हे आवाज ऐकत होते. आत काय चालतं ते त्या दिवशी कळलं.

दुपारी भगवान आला. ट्रकभोवती फिरला, जमिनीवर थुंकला.

"ताई, मी क्रेन सांगून ठेवलीय. संभाजीनगरला नेतो. तिथं गॅसनं तापवून काढून देतील."

"तापवलं तर बीड तडकेल."

"हितं बी निघून न्हाई राह्यला. उस्ताद असते तर आतापर्यंत..."

"उस्ताद असते तर आतापर्यंत तुला शिव्याच देऊन राह्यले असते. आम्ही तेवढा वेळ वाचवलाय. उद्या संध्याकाळपर्यंत थांब."

"उद्या म्हंजे उद्या. परवा क्रेन येणार."

तो गेला. मी गोळा आणि एक्सल यांच्या सांध्यावर टॉर्च धरून पाहत बसले. कडेला तुझा तो नेहमीचा हिरवा रंग जाड थापलेला. पात्याने थोडा खरवडला. खाली तपकिरी, कडक, नखाने न उकलणारं काहीतरी. आणि त्यात काळ्या लोकरीचे केस.

तिथे मी वैतागून हसले, दादा. म्हणजे पुन्हा आपलं तेच भांडण.

स्वतःच्या बहिणीच्या दुकानात भिंतीवर ऑइल गळू नये म्हणून लावायच्या गॅस्केटच्या कागदी शीट लटकलेल्या. अख्खा भोकरदन तालुका येऊन माझ्याकडून गॅस्केट नेतो. आणि तू त्यांच्याखालून डोकं वाकवून जायचास, बेअरिंग न्यायचास, सील न्यायचास, नट न्यायचास, आणि सांध्यात घालायला घरातून लोकरीचं सूत आणायचास. आपला आबा मेंढरांमागे चालता चालता टकळीवर कातायचा तसलं, जाड आणि काळं. तुझं म्हणणं, कागद वाळतो, फाटतो, लोकर फुगून बसते. माझं म्हणणं, ट्रक म्हणजे घोंगडं नव्हे. दर गाडीला आपलं हे व्हायचं. गिऱ्हाइकं बाकावर बसून ऐकायची.

आणि सुताला लावायचास तो मसाला. तो काय असतो ते तू शफीकभाईंनाही सांगितलं नाहीस. त्यांना काहीतरी आणायला पाठवायचास आणि मागे स्वतः लावून मोकळा व्हायचास. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "तुला सांगितलं तर उद्या बाटलीत भरून विकशील." खरंय, विकला असता.

या ट्रकच्या वेळीही आपलं शेवटचं बोलणं त्याच्यावरच झालं. मी म्हणाले, "बंद करताना या वेळी माझं गॅस्केट लाव." तू म्हणालास, "बघू." चिडून नाही, हसूनही नाही. नुसतं बघू. मला तुझं हो माहीत होतं आणि नाहीही माहीत होतं. या 'बघू'चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तर तो मसाला. मंगळवारी सकाळपासून आम्ही त्याच्यावर सगळं ओतून पाहिलं. डिझेल ओतलं, ढिम्म. पेट्रोल लावलं, ढिम्म. रंगाचा थिनर लावला, तर फक्त तुझा हिरवा रंग सुटला आणि खालचा तपकिरी थर आणखी स्वच्छ होऊन आमच्याकडे बघत राहिला. शफीकभाई म्हणाले, लाख असेल. लाखेवर स्पिरिट चालतं. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं. ढिम्म. सूत तू नुसतं कडेने घातलं नव्हतंस, मागावर गुंडाळावं तसं प्रत्येक स्टडला वेढा देऊन पुढे नेलं होतंस. म्हणजे प्रत्येक स्टड आपापल्या भोकात चिकटलेला. कान का बोलत होता ते आता कळलं. मला तुझा इतका राग आला की मी तुला मोठ्याने बोलले.

"ज्याला उघडायचं माहीत नाही त्याने बंद करू नये, दादा. आणि माहीत असेल तर सांगून जावं."

मागून वहिनीचा आवाज आला. "कुणाला बोलताय, ताई?"

ती चहाची किटली घेऊन शेडाच्या आत उभी होती. आत, दादा. दारात नाही. मी म्हणाले, तुझ्या नवऱ्याला. शफीकभाईंनी उठून तिच्यासाठी बाक पुसला. ती बसली नाही, सरळ ट्रकच्या पुढे गेली आणि वाकून पाहू लागली. "ह्येच का ते?" तिने विचारलं. मी खरवडलेली तपकिरी पापडी तिच्या हातावर ठेवली. तिने ती नाकाला लावली. मग किटलीच्या तोंडाशी वाफेत धरली, बोटांनी चोळली, आणि दोन बोटं उघडमीट करून पाहिली. चिकट तार निघाली.

"ही तर खळ हाय," वहिनी म्हणाली.

"कसली खळ?"

"चिंचोक्याची. दर बारीला मीच शिजवून देते की. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आन शिजवायचे. हात मोडून येतात."

शफीकभाईंनी हातातली स्पिरिटची बाटली खाली ठेवली.

"वैनी," शफीकभाई म्हणाले, "उस्तादांनी सांगितलं न्हाई, कशाला पाह्यजे म्हणून?"

"गाडीला लागते म्हणायचे. मला वाटलं, शिटाच्या गादीला लावत असतील. मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. आमचा संसार असाच झाला."

आणि मग मला एकदम सगळं उलगडलं. मी खरंच उडी मारली, शफीकभाई साक्षीला आहेत. खळ, दादा. आई मागावरच्या ताण्याला कुंचल्याने लावायची ती. आपण दोघं चिंचोक्यांची सालं काढायचो आणि तू अर्धे खायचास. नवं घोंगडं मागावरून उतरलं की फळीसारखं उभं राहायचं, भिंतीला टेकवून ठेवायचो. मग आई काय करायची? कढत पाणी ओतायची आणि आपल्याला त्याच्यावर नाचायला लावायची.

तेल खळीला काही करत नाही, साबणालाही करत नाही. म्हणून तर ट्रकवाले डिझेलच्या टाकीला गळती लागली की साबण थापतात, आणि आम्ही डिझेल-पेट्रोल ओतत बसलो होतो. खळीला एकच गोष्ट कळते, पाणी. म्हणून तू वरून तो हिरवा रंग देत होतास, पावसाचं, नाल्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून. किती पक्का विचार केला होतास. आणि किती घट्ट तोंड बंद ठेवलं होतंस.

"वहिनी, बंब पेटव," मी म्हणाले.

पुढचे तास कसे गेले ते मला सलग सांगता येणार नाही. शफीकभाईंनी सांध्याभोवतीचा सगळा रंग पात्याने काढला. मी गोणपाटाच्या पट्ट्या कापून कडेभोवती बांधल्या. वहिनी बंबातून बादली भरून आणायची आणि मगाने त्या गोणपाटावर सोडायची. उकळतं पाणी, पुन्हा उकळतं पाणी. थंड झालं की पट्टी पिळायची, पुन्हा नवं. खाली चिखल, वर वाफ, आम्ही तिघं घामाने आणि पाण्याने भिजलेलो. शेजारचा टायरवाला डोकावून म्हणाला, "बाळंतपण चालू हाय का काय?" वहिनी म्हणाली, "हां. तुम्ही बाहेर थांबा." तुझी बायको, दादा. मी तिला इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग वास आला. आधी शफीकभाईंना आला, त्यांनी नाक वर केलं. ओल्या मेंढराचा वास. ऑइल आणि ग्रीसच्या त्या शेडात, आबाच्या मेंढवाड्यावर पहाटे असायचा तसाच. लोकर भिजली होती.

"आता बोल्ट," मी म्हणाले.

डावा पाव फेरा, उजवा पाव फेरा. कान लावून ऐकायचं, थांबायचं, वहिनीने पाणी सोडायचं. डावा. उजवा. बोल्ट घट्ट होत गेला, आणखी घट्ट, मी मनात म्हणाले, आता बोलला तर सोडून द्यायचं. आणि तेवढ्यात तो हातात एकदम हलका झाला. सांध्याच्या वरच्या कडेला एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. तिच्यातून तपकिरी पाण्याचा ओघळ आला.

"आला," शफीकभाई हळूच म्हणाले. "आला, आला, आला. घाई न्हाई. बिलकुल न्हाई."

भगवान नेमका तेव्हा आला, उद्याच्या क्रेनचं सांगायला. त्याने रेघ पाहिली, चप्पल काढली आणि जॅकला हात लावला. रेघेची फट झाली, फटीत बोट गेलं, मग मूठ. गोळा स्टडवरून घसरत घसरत जॅकवर येऊन बसला, अंगावर लोकरीचे ओले धागे लोंबत होते. कान पूर्ण. मी हाताने चाचपून सगळीकडून पाहिला, मग शफीकभाईंनी पाहिला, मग भगवानने. वहिनीने हातातला मग बादलीत टाकला आणि पदराने तोंड पुसलं. रडली की वाफ होती, मी विचारलं नाही.

आतलं मोठं दात्यांचं चाक नव्यासारखं होतं. गुरगुर होती ती पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या दात्यांच्या चाकाच्या, बेअरिंगची, त्याची जाळी फुटलेली. ते बेअरिंग माझ्या फळीवर होतं. तू मला सारखा विचारायचास, न खपणारा माल कशाला भरतेस म्हणून. यासाठी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

बुधवारी बेअरिंग बसलं. भगवानने क्रेनवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी गोळा परत चढवायचा. मी रात्रीच माझं गॅस्केट कापून ठेवलं होतं, भोकं पाडून, अगदी मापात. शेडात आले तर वहिनी पातेलं घेऊन हजर.

"काय आहे?"

"खळ. ताजी."

"वहिनी, गॅस्केट लावायचंय."

"त्यांनी सूत लावलं असतं."

"म्हणून तर दोन दिवस हाल झाले."

"हाल उघडताना झाले. गळलं का कधी?"

मी सांध्याचं तोंड निरखून पाहिलं होतं. गेल्या खेपेला तू हा गोळा बंद केलास त्याला कितीतरी पावसाळे झाले. त्या ट्रकने किती नाले ओलांडले असतील. तोंडावर ऑइलचा एक डाग नाही, गंजाचा एक ठिपका नाही. गळलं नव्हतं. हे मी तुला मान्य करते, दादा. पण तूही एक मान्य कर. चूक सुताची नव्हती आणि खळीचीही नव्हती. चूक ही, की उघडायचं कसं हे तुझ्या एकट्याच्या डोक्यात होतं. शफीकभाई इतकी वर्षं तुझ्या हाताशी होते, वहिनी चुलीशी होती, मी दाराच्या अलीकडे होते. तिघांपैकी एकालाही तू पुरतं सांगितलं नाहीस. तिघांकडे एकेक तुकडा होता, आणि ते एकत्र यायला तुला मरावं लागलं. माझा राग अजून गेलेला नाही. बहुतेक जाणारही नाही, त्याच्यासकट मी काम करीन.

"लाव," मी वहिनीला म्हणाले. "पण स्टडला वेढे नाही द्यायचे. स्टडच्या आतून, कडेकडेने एकच फेरा."

"बराबर," शफीकभाई म्हणाले. "मंग कान बोलणार न्हाई."

म्हणून वहिनी एक्सलपुढे पाटावर बसली, सूत खळीतून काढून दोन बोटांनी निथळून सांध्याच्या तोंडावर बसवू लागली. तिचा हात तुझ्यापेक्षा साफ आहे. मी दुसऱ्या बाजूने सूत ताणून धरलं होतं. तेवढ्यात ते जालन्याचे बियाणेवाले आले. पांढरे कपडे, हातात नवं कुलूप. त्यांनी शेडावरून नजर फिरवली, उंची पाहिली, पत्रे पाहिले.

"नमस्कार वहिनी. किल्ली न्यायला आलो होतो."

"थांबा जरा," वहिनी मान वर न करता म्हणाली. "हे धरा. ताईंना पाना घ्यायचाय."

माझ्या हातातलं सुताचं टोक तिने त्यांच्याकडे केलं. त्यांनी कुलूप खिशात टाकलं आणि धरलं. काय करणार बिचारे. खळ त्यांच्या मनगटावरून बाहीत उतरत होती.

"हे काय करताय म्हणायचं?"

"गाडी बंद करून राह्यलो. ताणून धरा, ढिलं सोडू नका."

फेरा पूर्ण झाला, टोकाला टोक जुळलं, तिने ते अंगठ्याने दाबलं. मग हात धुतले आणि त्यांना म्हणाली,

"भाऊ, गोदाम दुसरीकडं बघा. हितं काम चालू हाय."

मला तिने आधी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मी शफीकभाईंकडे पाहिलं. ते ट्रेमधला पहिला नट उचलत होते.

गुरुवारीच गोळा चढवून नट त्याच क्रमाने आवळले, शुक्रवारभर खळ वाळू दिली, रंग दिला, ऑइल भरलं. शनिवारी भगवान मागच्या नाल्यातून ट्रक घेऊन गेला. वहिनी केबिनमधे बसली होती, आयुष्यात पहिल्यांदा. मी काठावर उभी राहून सांध्याकडे आणि आवाजाकडे लक्ष ठेवून होते. मधोमध मागची चाकं जागीच फिरायला लागली, मग भगवानने पुढचा एक्सल जोडला आणि पुढच्या चाकांनी चिखल धरला. ट्रक वर आला. गुरगुर नव्हती. सांधा कोरडा होता. बरोबर त्या घडीला मी तुला सांगायला वळले होते. वळल्यावर कळलं. दादा, हे एवढं एकच आहे जे मला अजून जमत नाही. बाकी सगळं जमतंय.

तर आता मी तुझा मसाला फोडणार आहे, आणि तुला तो माझ्या दुकानात बाटलीत भरलेला दिसणार नाही, फुकट सांगतेय. चिंचोके भाजून सालं काढा, रात्रभर भिजवा, वाटा, पळीला धरेल इतके घट्ट शिजवा. हाताने कातलेली लोकर त्यात बुडवा, स्टडच्या आतून एकच फेरा द्या, गोळा चढवून नट आवळा, दिवसभर वाळू द्या, वरून रंग द्या. ज्याला उघडायचं आहे त्याने आधी रंग खरवडावा, मग कढत पाणी सोडावं, मग लोकरीचा वास येईपर्यंत थांबावं. घण लागत नाही. अडलं तर शेडात यावं. सकाळी नऊपासून आम्ही तिघं असतो.